सेमी-ऑटो पॉइंट टू टूमध्ये गोळी पुन्हा पुन्हा अडकते: काढण्याआधी काय बघायचं

"ताई, परत अडकली."

बालेवाडीच्या २५ मीटर रेंजवर जुलै-ऑगस्टमध्ये हे वाक्य जितक्यांदा कानावर येतं, तितकं बाकी वर्षभरात येत नाही. मी त्या लेनपाशी पोचेपर्यंत बहुतेक वेळा गोळी काढूनही झालेली असते. बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता तुकडा) खस्सकन मागे ओढलेला, वाकडी गोळी टेबलावरून घरंगळून पायाखाली गेलेली, दुसरं मॅगझिन लावायची घाई चाललेली. आणि मग प्रश्न येतो, "कशामुळे झालं असेल?"

याचं उत्तर त्या अडकलेल्या गोळीत होतं. ती कशी बसली होती, तोंड कुठे टेकलं होतं, बोल्ट कुठपर्यंत आला होता, मागे रिकामी पुंगळी होती की नव्हती, हे दोन सेकंद बघितलं असतं तर पुढचे दोन महिने वाचले असते. अतिशयोक्ती नाही ही. असे दोन महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत, आणि त्यात माझाही वाटा होता. ते पुढे सांगते.

हे सगळं मी २५ मीटरच्या स्पोर्ट्स पिस्तुलाबद्दल लिहिते आहे, कारण आपल्या रेंजवर सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे बार झाल्यावर पुढची गोळी आपोआप चढवणारं, तेच असतं. त्याची गोळी पॉइंट टू टू, म्हणजे .२२ बोअरची. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत एकेक गोळी हाताने भरायची असते, तिथे मॅगझिनचा संबंधच येत नाही. पण पॉइंट टू टूची सेमी-ऑटो रायफल हाताळणाऱ्यालाही यातलं जवळपास सगळं लागू पडेल. काडतूस तेच, दुखणीही तीच.

आधी सुरक्षेचं. गोळी अडकली की नळी लक्ष्याच्या दिशेलाच राहिली पाहिजे आणि बोट ट्रिगरच्या बाहेर. बघायचं ते वरून किंवा बाजूने, समोरून कधीही नाही. बघून झालं की पहिल्यांदा मॅगझिन काढायचं, मग बोल्ट मागे, मग चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची गोळी बसायची जागा, रिकामं आहे का ते डोळ्यांनी पाहायचं आणि ते रिकामं असल्याची खूण म्हणून सेफ्टी फ्लॅग घालायचा. मॅगझिन आत ठेवून बोल्ट मागेपुढे करत बसलात तर दर खेपेला नवी गोळी वर येत राहते.

बार झाला पण आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, हाताला धक्का जाणवला नाही, तर तिथेच थांबा. शिसं नळीतच अडकलेलं असू शकतं. त्यावर दुसरी गोळी झाडणं म्हणजे नळी आणि हात दोन्ही धोक्यात घालणं. आणि ट्रिगर दाबूनही बारच झाला नाही, तर पिस्तूल निदान अर्धा मिनिट तसंच समोर धरून ठेवा. उशिरा पेटणारी गोळी क्वचित असते, पण असते.

आत नेमकं काय घडतं

हे एकदा समजून घेतलं की अर्धं निदान तुमचं तुम्हीच कराल. आपल्या पिस्तुलात गॅस पिस्टन वगैरे काही नसतं. बार झाला की पुंगळीच मागच्या बोल्टला ढकलते. बोल्ट मागे जाताना एक्स्ट्रॅक्टरची नखी पुंगळीची कड धरून तिला चेंबरातून ओढते, इजेक्टर तिला बाहेर उडवतो, बोल्ट स्प्रिंग दाबत शेवटापर्यंत जातो आणि परत येताना मॅगझिनमधली सगळ्यात वरची गोळी कडेला धरून पुढे ढकलतो. गोळी चढावरून वर सरकते, चेंबरात शिरते, बोल्ट बंद होतो.

एवढं सगळं काम करायला ताकद किती? साधारण २.६ ग्रॅम वजनाचं शिसं सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास फेकणारी चिमूटभर दारू. मोठ्या काडतुसाकडे जोर शिल्लक असतो, मळ असला तरी ते रेटून नेतं. पॉइंट टू टूकडे तशी शिल्लक नाही. थोडा मळ, थोडं दाट तेल, थोडी थकलेली स्प्रिंग, यातलं एकेक ते चालवून घेतं. तिन्ही एका दिवशी आली की थांबतं.

त्यात हे काडतूस मुळात १८८७ सालचं, रिव्हॉल्व्हर आणि एकेक गोळीच्या रायफली होत्या त्या काळातलं. मागे बाहेर आलेली कड, बाहेरून मेणाचा हात दिलेलं उघडं मऊ शिसं, आणि दारू पेटवणारं रसायन त्या कडेतच भरलेलं. मॅगझिनमध्ये एकावर एक रचायला ही बनावट काही सोयीची नाही. ती आपण चालवून घेतो, म्हणून तिची काळजी जास्त घ्यावी लागते.

अडकण्याचे प्रकार, आणि प्रत्येकाचा अर्थ

गोळीचं तोंड चेंबरच्या खालच्या काठाला टेकून राहिलं असेल तर संशय मॅगझिनवर. एक तर मॅगझिन पूर्ण वर बसलेलं नाही, नाहीतर आतली स्प्रिंग गोळीला वेळेवर वर आणत नाही. ती गोळी काढून तिचं शिसं बघा, खालच्या बाजूला चपटलेलं दिसेल. उलट वरच्या बाजूला खरचटलं असेल आणि गोळी उभी होऊन वर झेपावल्यासारखी दिसत असेल, तर मॅगझिनचे वरचे ओठ फाकलेत, ते गोळीला वेळेआधी सोडताहेत. शिसं मऊ असतं म्हणून ते सगळं लिहून ठेवतं. अशा चेपलेल्या गोळ्या फेकू नका, डबीत वेगळ्या ठेवा. त्या पुन्हा झाडायच्या मात्र नाहीत.

दोन गोळ्या एकदम पुढे आल्या तर बहुधा भरण्यात चूक आहे. वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या पुढे असली पाहिजे. मागे राहिली तर पुढे जाताना ती खालच्या कडेला अडकते आणि तिलाही ओढते. मॅगझिनच्या बाजूचं बटण अंगठ्याने पार तळापर्यंत खेचून गोळ्या वरून टाकायची सवय अनेकांना असते. तसं केलं की गोळ्या आत सैल पडतात आणि कडा उलटसुलट होतात. बटण गोळीपुरतं, हळूहळू खाली घ्या.

रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी राहून बोल्टखाली चिमटली गेली, तर ती बाहेर फेकायला जोर कमी पडला किंवा धरायला नखी कमी पडली. नखीच्या खाचेत मेण आणि काजळी घट्ट बसते, बाहेरून दिसतही नाही. सुई नको, लाकडी टूथपिक घ्या. जे निघेल ते बघून तुम्हाला नवल वाटेल. मनगट ढिलं धरल्यानेही असं होतं. आपली पिस्तुलं स्पर्धेच्या १४०० ग्रॅमच्या मर्यादेच्या आत पण तशी जडच असतात, त्यामुळे फरक कमी पडतो. नवशिक्यांच्या हातात मात्र पाचव्या सिरीजनंतर (सिरीज म्हणजे पाच गोळ्यांची फेरी) तो दिसायला लागतो.

बार झाला, पुंगळी नीट बाहेर पडली, बोल्ट बंद झाला, पण चेंबर रिकामं. म्हणजे बोल्ट पुरेसा मागे गेलाच नाही, पुढची गोळी उचलायच्या आधीच परतला. दाट तेल, थंडी, कमी जोराची गोळी, किंवा बोल्टमागचा बफर. काही पिस्तुलांत तिथे रबराचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा असतो. तो फुगतो, चिरतो, त्याचा कपचा निघून मार्गात येतो. तीन-तीन महिने हैराण झालेल्यांना मी हा तुकडा दाखवते तेव्हा असं काही आत आहे हेच त्यांना माहीत नसतं.

बोल्ट केसभर उघडा राहतो, बोटाने ढकलला की बसतो. चेंबर घाण आहे. इथे एक वेगळी शक्यताही तपासा. रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर घरी शेकडो वेळा दाबून सराव करणारे असतात. पॉइंट टू टूमध्ये बार करणारी पिन गोळीच्या कडेवर आपटते, आणि मध्ये गोळी नसेल तर काही पिस्तुलांत ती सरळ चेंबरच्या काठावर आपटते. तिथे बारीकशी गाठ उठते आणि त्यानंतर प्रत्येक गोळी त्या गाठीला घासून आत जाते. तुमच्या पिस्तुलाला अशा रिकाम्या सरावाची, म्हणजे ड्राय फायरची सोय आहे का ते पुस्तिकेत बघा, नसेल तर बार न होणारी डमी गोळी वापरा. गाठ उठली असेल तर ते काम आर्मोररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं.

मॅगझिन लावल्यावर फक्त पहिलीच गोळी अडकत असेल तर पिस्तूल बहुधा निर्दोष आहे. तुम्ही बोल्ट हाताने जपून, हळूच पुढे नेताय. तो मागे ओढून सोडून द्यायचा असतो, स्प्रिंगला तिचं काम करू द्यायचं.

कोथरूडच्या मुलीची वही

दोन वर्षांपूर्वी बीकॉमला असलेली एक मुलगी सरावाला येत होती. पिस्तूल जुनं, दुसऱ्याकडून घेतलेलं. दर दुसऱ्या-तिसऱ्या सिरीजला अडकायचं. रॅपिड, म्हणजे झटपट झाडायच्या टप्प्यात तर तिचा धीरच सुटायचा. तिथे लक्ष्य ३ सेकंद समोर असतं, मग ७ सेकंद नाही, असं पाचदा. चौथ्या गोळीला जॅम झालं की मुलगी पुढच्या सिरीजलाही सावरायची नाही. तिच्या वडिलांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, गोळी बदलून बघा. बदलली. फरक नाही. परत बदलली. पॉइंट टू टूची परदेशी गोळी आज कुठल्या भावाने पडते हे प्रत्येक शूटरच्या घरी ठाऊक आहे. तिसऱ्या खेपेला तिचे वडील काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. मी न बघता सांगितलं होतं, हे खरं.

माझे वडील खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत होते. कुठलीही तक्रार आली की ते आधी रिकामी पुंगळी मागायचे. मी लहानपणापासून हे बघितलं होतं आणि तरी ऐन वेळी विसरले.

मग आम्ही वही केली. मॅगझिनांवर नेलपॉलिशने १, २, ३ असे ठिपके दिले. वहीत तारीख, गोळ्यांच्या डब्यावरचा लॉट नंबर, कितवं मॅगझिन, त्यातली कितवी गोळी, दिवसातली अंदाजे कितवी गोळी, आणि कशी अडकली याचं छोटं चित्र. जॅम झालं की ती पिस्तूल समोर धरून स्तब्ध राहायची आणि मी मागून फोटो घ्यायचे. दहा दिवस हेच केलं. मधल्या काळात काहीही साफ केलं नाही, काहीही बदललं नाही. हे फार अवघड जातं माणसाला, पण एका वेळी चार गोष्टी बदलल्या तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही.

वहीतून दोन रोग निघाले. म्हणूनच ते आम्हाला आजवर विनाकारण, कधीही होतंय असं वाटत होतं.

पहिला, खाली टेकलेलं तोंड: एक सोडून सगळे दोन ठिपक्यांच्या मॅगझिनमध्ये, आणि नेहमी चौथी किंवा पाचवी गोळी. शेवटच्या गोळ्यांच्या वेळी स्प्रिंग सगळ्यात सैल असते, त्यामुळे आत काही अडथळा असेल तर तो तिथेच जाणवतो. मॅगझिन उघडलं तर तळाशी मेण, तेल आणि बॅगेतल्या कापडाचे धागे यांचा काळा चिकट गोळा. गोळ्या वर ढकलणारा तुकडा त्यात रुतून तिरका चालत होता. धुतलं, कोरडं केलं, स्प्रिंग नवी टाकली. ते दुखणं तिथेच संपलं.

दुसरा, खिडकीत उभी पुंगळी: कुठल्याही मॅगझिनमध्ये, पण दिवसाच्या साधारण दीडशेव्या गोळीनंतरच. ते नखीच्या खाचेतलं मेण. सकाळी टूथपिक फिरवली की दीडशेपर्यंत निर्धास्त. नंतर तिने सरावाच्या मध्यात दोन मिनिटांची साफसफाई लावून घेतली आणि आर्मोररकडून नखीची स्प्रिंग बदलली.

गोळी पहिल्यापासून ठीक होती.

तुमची वही वाचायची रीत हीच. एकाच मॅगझिनमध्ये होतंय तर मॅगझिन. सगळ्या मॅगझिनांत पण एकाच लॉटमध्ये, तर गोळी. ठरावीक संख्येनंतर, तर मळ. सकाळच्या पहिल्या दोन सिरीजमध्येच आणि मग आपोआप थांबतं, तर तेल.

पावसाळा आणि तेल

पुण्यात पावसाळ्यात जॅम वाढतात ते दमट हवेने, असं सगळे म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. गंजाच्या भीतीने लोक जूनमध्ये पिस्तुलाला तेलाने न्हाऊ घालतात, आणि जॅम होतात ते त्या तेलाने. बोल्टमध्ये तेल, चेंबरात तेल, मॅगझिनमध्येसुद्धा तेल. त्यात न जळलेल्या दारूचे कण, मेण आणि काजळी मिसळली की दोन दिवसांत त्याचा लेप होतो. तेल धूळही धरून ठेवतं. म्हाळुंगे-बालेवाडी भागात वर्षानुवर्षं बांधकामं चालू आहेत, पावसाची उघडीप मिळाली की ती बारीक धूळ सगळीकडे असते.

तेल कुठे लावायचं? बोल्ट ज्या पट्ट्यांवर सरकतो तिथे दोन्हीकडे एकेक थेंब, पातळ तेलाचा, आणि तोही बोटाने पसरून. चेंबर कोरडं. मॅगझिन आतून कोरडं. पिनच्या भोकात तेल नको. नळीला साठवणीसाठी हलका हात दिला असेल तर झाडण्याआधी कोरडी चिंधी फिरवून घ्यायची. गंज सोडवण्याचा स्प्रे हा वंगण नव्हे. तो उडून जातो आणि मागे चिकटपणा ठेवतो. गंजाची काळजी असेल तर पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रेंजवरून आल्यावर पिस्तूल पुसून तासभर उघड्यावर वाळू द्या, आणि फोमच्या बंद पेटीत आठवडाभर कोंडून ठेवू नका. फोम ओल धरतो.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा दहाच्या खाली जातो तेव्हा हेच तेल घट्ट होतं. पहिल्या दोन सिरीज बोल्ट आळसावल्यासारखा चालतो, मग पिस्तूल तापलं की सुरळीत. एप्रिलमध्ये उलटी तऱ्हा. गोळ्यांचा डबा गाडीच्या डिकीत दुपारभर राहिला की वरचं मेण मऊ होऊन डब्यातच पुसलं जातं, काही गोळ्या कोरड्या राहतात आणि काहींवर धूळ बसते. डबा पाठीवरच्या बॅगेत घेऊन आत या.

साफसफाईचं बाकी फार लांबवत नाही. चेंबरला पितळी-तांब्याच्या तारेचा ब्रश, पोलादी नाही. ब्रश चेंबरच्या बाजूने घालता येत असेल तर तिकडूनच घाला. बोल्टचा चेहरा आणि नखी जुन्या टूथब्रशने. मॅगझिन महिन्यातून एकदा उघडून. शेवटी साबणाने हात धुवा, मग जेवणाचा डबा उघडा. शिसं पोटात जाणं चांगलं नाही, आणि आपल्याकडे मुलं सराव संपला की त्याच हाताने पोळीचा रोल खायला बसतात. हे मी रोज सांगते आणि सांगत राहीन.

हे करू नका

मॅगझिनचे ओठ पकडीने वाकवू नका. केसभर फरकाने सगळं मॅगझिन बाद होतं. स्प्रिंग कापून किंवा ताणून बसवू नका. गोळी चढते तो उतार कुठल्यातरी व्हिडिओत बघून पॉलिश पेपरने घासू नका, कारण घासलेला धातू परत लावता येत नाही. मॅगझिन ही झिजणारी वस्तू आहे. स्प्रिंगही. ती बदलायची असते. पिस्तुलाच्या अंगाचं काम परवाना असलेल्या माणसाकडेच द्या. शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायाला शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवाना लागतो, आणि कोपऱ्यावरचा लेथवाला कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे तो नसतो.

स्पर्धेत अडकली तर

इथे बघायची सवय आणि नियम एकाच दिशेने जातात. जॅम झालं की पिस्तूल खाली, लक्ष्याच्या दिशेला, पकड न सोडता, आणि मोकळा हात वर. रेंज ऑफिसर येईपर्यंत बोल्टला, सेफ्टीला, कशालाही हात नाही. तुम्ही आधी उघडलंत तर बिघाड कितीही खरा असला तरी तो ग्राह्य धरत नाहीत आणि न झाडलेल्या गोळ्या शून्य. सेफ्टी काढायची राहिली, गोळ्या कमी भरल्या, मॅगझिन नीट बसवलं नव्हतं म्हणून सुटलं, तरी तेच. शूटरला स्वतःला टाळता आलं असतं असं कारण निघालं तरी तेच. हे शेवटचं कलम सगळ्यांनी सावकाश वाचावं, कारण वर लिहिलेल्यांपैकी पुष्कळशी कारणं त्यात बसू शकतात.

सरावात ज्याचा हात आपसूक बोल्टकडे जातो, त्याचा स्पर्धेतही जातो. म्हणून माझ्या लेनवर नियम एकच ठेवला आहे: सरावातही हात वर, मी येऊन बघेपर्यंत. मावळणकर नेमबाजी स्पर्धेच्या आधीचे तीन आठवडे तर मी मुद्दाम एखाद्या मॅगझिनमध्ये मध्येच डमी गोळी भरून देते. कितव्या जागी आहे ते सांगत नाही.

ती कोथरूडची मुलगी आता दुसऱ्या शहरात नोकरीला असते. गेल्या महिन्यात तिचा फोटो आला, शब्द एकही नाही. खिडकीतून काढलेला जॅम, बोल्टचं तोंड, गोळीचं चपटलेलं शिसं खालच्या बाजूला, आणि मॅगझिनवर तीन ठिपके. मी लिहिलं, "तीन नंबरची स्प्रिंग." तिचं उत्तर आलं, "मागवली आहे कालच."